ऑक्साइडची पातळ पटले, विकृती आणि चुंबकत्व : एका सूक्ष्म विज्ञानाचे अर्थकारण

देशाच्या विकासाची चर्चा करताना पोलाद, सिमेंट, वीज आणि खते यांच्या उत्पादनाचे आकडे आपण नेहमी देतो. हे पदार्थ टनांत मोजले जातात. एखादा पदार्थ मायक्रोग्रॅममध्ये मोजावा लागत असेल, तर त्याचा विकासाशी संबंध जोडण्याची आपल्याला फारशी सवय नाही. पाच मिलिमीटर लांब व तितक्याच रुंद स्फटिकावर वीस नॅनोमीटर जाडीचे मँगनीज ऑक्साइडचे पटल चढविले, तर त्या पटलाचे वजन अवघे तीन-चार मायक्रोग्रॅम भरते. असे असूनही गेली तीन दशके जगातील अनेक प्रगत प्रयोगशाळा अशाच पटलांच्या अभ्यासावर मोठा खर्च करीत आहेत. याचे कारण असे की, पटलातील अणूंमधील अंतर एक-दोन टक्क्यांनी बदलले तरी त्याचे चुंबकीय गुणधर्म आमूलाग्र बदलू शकतात.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे, भौतिकशास्त्राचा नव्हे. संशोधनावरील सार्वजनिक खर्चाचा अभ्यास करीत असताना काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जाण्याचा योग आला. तेथील एका संशोधक विद्यार्थ्याचे काम कित्येक आठवडे थांबलेले होते. उपकरण सुस्थितीत होते, अनुदानही शिल्लक होते. परदेशातून मागविलेले नखाएवढे काही स्फटिक मात्र हाती आलेले नव्हते. ‘पटल आम्ही येथे तयार करतो, पण ते ज्यावर वाढवायचे तो आधारच बाहेरून येतो,’ असे तो म्हणाला. त्या वाक्याचा वैज्ञानिक आणि आर्थिक अर्थ समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

विकृती म्हणजे काय?

एखाद्या पदार्थावर बल लावले असता त्याच्या लांबीत जो सापेक्ष बदल होतो त्यास विकृती असे म्हणतात. एक मीटर लांबीची तार एक सेंटिमीटरने वाढली, तर विकृती एक टक्का झाली. पातळ पटलांच्या बाबतीत हे बल बाहेरून लावावे लागत नाही. ते पटलाच्या खालच्या स्फटिकाकडून आपोआप मिळते.

स्फटिकातील अणू ठराविक अंतरावर, एका जालकात मांडलेले असतात. लॅन्थॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइट या प्रसिद्ध चुंबकीय ऑक्साइडमध्ये हे अंतर सुमारे ३.८८ अँगस्ट्रॉम असते. स्ट्रॉन्शियम टायटेनेट या आधारस्फटिकात ते ३.९०५ अँगस्ट्रॉम, तर लॅन्थॅनम ॲल्युमिनेटमध्ये सुमारे ३.७९ अँगस्ट्रॉम असते. मँगनाइटचे पटल स्ट्रॉन्शियम टायटेनेटवर अणूंचे एकेक थर रचत वाढविले, की पटलातील अणू खालच्या अणूंच्या जागा धरून बसतात. त्यामुळे पटल पृष्ठाच्या दोन्ही दिशांनी पाऊण टक्क्याच्या आसपास ताणले जाते. तेच पटल लॅन्थॅनम ॲल्युमिनेटवर वाढविल्यास ते दोन टक्क्यांहून थोडे अधिक दाबले जाते. पहिल्या प्रकारास ताण विकृती आणि दुसऱ्यास दाब विकृती म्हणता येईल. पटल आडवे ताणले गेले, की त्याची उभी जाळी साहजिकच किंचित आकसते, आणि आडवे दाबले गेले, की ती उंचावते.

एक टक्का ही मात्रा ऐकावयास लहान वाटते. तथापि ऑक्साइड हे कठीण व ठिसूळ पदार्थ आहेत. त्यांच्यात एक टक्का विकृती निर्माण करण्यासाठी एक ते दोन गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा ते वीस हजार पट प्रतिबल लागते. चिनी मातीच्या कपासारखी सिरॅमिकची जाड वस्तू इतकी ताणली जाण्यापूर्वीच, एक दशांश टक्क्याच्या आसपास, तडकून जाते. पातळ पटल मात्र तडकत नाही, कारण आधारस्फटिकाने त्याला सर्व बाजूंनी धरून ठेवलेले असते. जाडी एका मर्यादेपलीकडे गेली, की पटलात जालकदोष निर्माण होतात आणि विकृती सैल पडते. म्हणूनच हा सारा अभ्यास पातळ पटलांपुरता मर्यादित राहतो.

अशी पटले तयार करण्याची एक प्रचलित पद्धत म्हणजे स्पंदित लेसर निक्षेपण. लेसरच्या तीव्र स्पंदांनी इच्छित ऑक्साइडच्या गोळीतून बाष्प उडविले जाते आणि ते तापविलेल्या आधारस्फटिकावर जमा होते. १९८७ मध्ये अमेरिकेतील बेलकोर प्रयोगशाळेत टी. व्यंकटेशन यांच्या गटाने उच्च तापमानाच्या अतिवाहकांची पटले या पद्धतीने तयार केली, आणि तेव्हापासून ती सर्वत्र रूढ झाली.

चुंबकत्वावर परिणाम कसा होतो?

ऑक्साइडमधील चुंबकत्व मँगनीज, लोह, कोबाल्ट यांसारख्या धातूंच्या आयनांमुळे येते. परंतु हे आयन एकमेकांशी थेट बोलत नाहीत. त्यांच्यामध्ये ऑक्सिजनचा अणू मध्यस्थासारखा बसलेला असतो. विकृतीचा परिणाम मुख्यतः तीन मार्गांनी होतो.

पहिला मार्ग बंधांचा. धातू-ऑक्सिजन-धातू या साखळीची लांबी आणि तिच्यातील कोन यांवर चुंबकीय देवाणघेवाणीची ताकद अवलंबून असते. मँगनाइटमध्ये इलेक्ट्रॉन एका मँगनीज आयनाकडून ऑक्सिजनमार्गे दुसऱ्याकडे उडी घेतो. दोन्ही आयनांची चुंबकीय दिशा एकच असेल, तर ही उडी सुलभ होते. १९५१ मध्ये क्लॅरेन्स झेनर यांनी मांडलेली ‘दुहेरी विनिमय’ ही कल्पना हीच होय. बंध सरळ आणि आखूड असतील तर उडी सोपी होते, लोहचुंबकत्व बळकट होते. बंध वाकले किंवा लांबले तर ते क्षीण होते.

दुसरा मार्ग कक्षकांचा. इलेक्ट्रॉन आयनाभोवती विशिष्ट आकाराच्या कक्षकांत असतात. काही कक्षक पटलाच्या पृष्ठात पसरलेले, तर काही पृष्ठाला लंब असतात. पटल आडवे ताणल्यास सर्वसाधारणपणे आडव्या कक्षकाची ऊर्जा कमी होते व इलेक्ट्रॉन तिकडे वळतात. दाबल्यास उभा कक्षक अधिक पसंतीचा ठरतो. आयनांमधील चुंबकीय संबंध कोणत्या दिशेने घट्ट व कोणत्या दिशेने सैल होणार, हे अशा रीतीने ठरते.

तिसरा मार्ग दिशेचा. प्रत्येक चुंबकीय पदार्थात चुंबकन काही दिशांना सहज वळते, काहींना वळत नाही. स्ट्रॉन्शियम टायटेनेटवर ताणलेल्या लॅन्थॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटमध्ये चुंबकन पटलाच्या पृष्ठात पडून राहते. लॅन्थॅनम ॲल्युमिनेटवर दाबलेल्या त्याच मँगनाइटमध्ये ते पृष्ठातून वर उभे राहू पाहते. रासायनिक सूत्र तेच राहते, आधारस्फटिक बदलताच चुंबकाची दिशा बदलते. माहिती साठविण्याच्या तंत्रात या दिशेला फार महत्त्व आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दाबल्याने बंध आखूड होतात, म्हणून दाबलेल्या पटलाचे चुंबकत्व नेहमी बळकट होईल, असा सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पदार्थ सर्व बाजूंनी सारखा दाबला तर मँगनाइटच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खराही ठरतो. परंतु पटल फक्त आडव्या दिशांनी दाबले जाते आणि उभ्या दिशेने फुगते. या असमान बदलामुळे कक्षकांमध्ये जो भेद निर्माण होतो तो लोहचुंबकत्वाला मारक असतो, मग पटल ताणलेले असो वा दाबलेले. १९९८ मध्ये ॲन्ड्र्यू मिलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन परिणाम वेगळे करून गणिती स्वरूपात मांडले. एका कारणाचे दोन परस्परविरोधी परिणाम असतात आणि निव्वळ परिणाम त्यांच्या बेरजेवर ठरतो, हे अर्थशास्त्राच्या वाचकाला नवीन वाटू नये. किंमत बदलली असता पर्यायन परिणाम आणि उत्पन्न परिणाम आपण असेच वेगळे करतो.

तीन उदाहरणे

१. मँगनाइट : या कुलातील संयुगांचा चुंबकीय अभ्यास १९५० मध्ये नेदरलँड्समधील फिलिप्स प्रयोगशाळेत योंकर व फान सांटेन यांनी प्रसिद्ध केला. त्यानंतर चार दशके हा विषय थोड्याच तज्ज्ञांपुरता राहिला. १९९४ मध्ये बेल प्रयोगशाळेतील संशोधकांना लॅन्थॅनम-कॅल्शियम मँगनाइटच्या पातळ पटलांत चुंबकीय क्षेत्र लावताच विद्युतरोध प्रचंड प्रमाणात घटतो असे आढळले, आणि या विषयाला एकदम उधाण आले. जाड नमुन्यात सुमारे ३६० ते ३७० केल्विनपर्यंत, म्हणजे खोलीच्या तापमानाच्या बऱ्याच वरपर्यंत टिकणारे लॅन्थॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटचे लोहचुंबकत्व पटलात विकृती व जाडी यांनुसार खाली येते. पटल काही नॅनोमीटरइतकेच पातळ केल्यास ते जवळजवळ नाहीसे होते.

२. लॅन्थॅनम कोबाल्टेट : जाड स्वरूपात हा पदार्थ अतिशय कमी तापमानाला चुंबकीय नसतो. त्यातील कोबाल्ट आयनांचे इलेक्ट्रॉन जोड्यांनी बसतात आणि एकमेकांचे चुंबकत्व रद्द करतात. २००७ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील गटाने दाखवून दिले की, या पदार्थाचे ताणलेले पटल सुमारे ८५ केल्विनखाली लोहचुंबक बनते. ताणामुळे आयनांभोवतीचे स्फटिकक्षेत्र बदलते, जोड्या सुटतात व सुप्त चुंबकत्व जागे होते, असे त्याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण दिले जाते.

३. युरोपियम टायटेनेट : जाड स्वरूपात हा पदार्थ सुमारे ५.५ केल्विनखाली प्रतिलोहचुंबकीय असतो, म्हणजे शेजारील आयनांची दिशा परस्परविरुद्ध असते. २००६ मध्ये क्रेग फेनी व करीन राबे यांनी गणनेच्या आधारे असे भाकीत केले की, पुरेशी विकृती दिल्यास तो एकाच वेळी लोहचुंबक व लोहविद्युत होईल. २०१० मध्ये डिस्प्रोसियम स्कँडेट या आधारस्फटिकावर त्याचे पटल सुमारे एक टक्क्याने ताणून हे भाकीत खरे करून दाखविण्यात आले. तापमान अतिशय कमी, सुमारे ४ केल्विन, असल्याने याचा थेट व्यावहारिक उपयोग नाही. तथापि निसर्गात न आढळणारा गुणधर्म आधी गणिताने सांगता येतो आणि मग योग्य आधारस्फटिक निवडून घडविता येतो, हे या प्रयोगाने सिद्ध केले. यापुढील विवेचनासाठी येथे एकच गोष्ट लक्षात ठेवावी. हा प्रयोग शक्य झाला तो डिस्प्रोसियम स्कँडेटचा निर्दोष स्फटिक उपलब्ध होता म्हणून. असे स्फटिक वाढविण्याचे काम बर्लिनमधील लाइबनिट्स स्फटिकवाढ संस्थेने अनेक वर्षे चिकाटीने केले आहे.

पडताळणीचा प्रश्न

इतक्या अल्प वस्तुमानाच्या नमुन्याचे चुंबकत्व मोजताना चूक होण्याचा धोका मोठा असतो. २००४ मध्ये हॅफ्नियम ऑक्साइडच्या पातळ पटलांत अनपेक्षित चुंबकत्व आढळल्याचे जाहीर झाले व त्याची खूप चर्चा झाली. पुढील वर्षी दुसऱ्या एका गटाने काळजीपूर्वक केलेल्या पटलांत असे चुंबकत्व मुळीच आढळत नाही, परंतु पटल पोलादी चिमट्याने हाताळल्यास तशाच प्रकारचा संकेत मिळतो, असे दाखविले. चिमट्याच्या टोकाचा अदृश्य लोहकण संपूर्ण निष्कर्ष बदलण्यास पुरेसा होता.

बिस्मथ फेराइटच्या पटलांबाबतही असेच घडले. २००३ मध्ये पातळ पटलात त्याचे चुंबकन बरेच वाढते असे प्रसिद्ध झाले, तर २००५ मध्ये ही वाढ पदार्थाचा मूळ गुणधर्म नसल्याचा आक्षेप दुसऱ्या गटाने घेतला. अशा पटलांत ऑक्सिजनची थोडी कमतरता राहिली तरी धातूच्या आयनांची संयुजा बदलते आणि तिचा परिणाम विकृतीच्या परिणामासारखा भासतो. म्हणून एकाच पदार्थाचे पटल निरनिराळ्या आधारस्फटिकांवर वाढवून तुलना करणे, क्ष-किरणांनी जालकाचे मापन करणे आणि न्यूट्रॉन किरणांनी चुंबकनाची खोलीनुसार तपासणी करणे आवश्यक ठरते. ही सारी साधने एका विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरची आहेत. सामायिक राष्ट्रीय सुविधांची गरज येथेच स्पष्ट होते.

प्रयोगशाळेतून बाजारपेठेकडे

विकृतीचे तंत्र उद्योगाला परके नाही. सिलिकॉनच्या जालकाला योग्य दिशेने ताण वा दाब दिल्यास त्यातून विद्युतभार अधिक वेगाने वाहतात. २००३ मध्ये इंटेल कंपनीने ९० नॅनोमीटर श्रेणीच्या चिपमध्ये विकृत सिलिकॉन वापरात आणले, आणि आज आपल्या हातातील संगणक व मोबाइल संचांतील प्रगत चिपमध्ये हे तंत्र सर्रास वापरले जाते.

चुंबकीय पटलांचा इतिहासही असाच बोलका आहे. धातूंच्या अतिपातळ थरांतील महाचुंबकरोध हा परिणाम १९८८ मध्ये फ्रान्समध्ये अल्बेर फेर यांनी आणि जर्मनीत पेटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे शोधला. १९९७ मध्ये त्यावर आधारित वाचकशीर्ष संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये बाजारात आले. २००७ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. शोध ते वस्तू हे अंतर अवघे नऊ वर्षांचे होते.

ऑक्साइड पटलांबाबत मात्र असा झटपट लाभ झालेला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. मँगनाइटचा विद्युतरोध बदलण्यासाठी सामान्यतः फार तीव्र चुंबकीय क्षेत्र लागते, त्यामुळे हार्ड डिस्कमध्ये त्याला जागा मिळाली नाही. सध्याचे प्रयत्न वेगळ्या दिशेने चालू आहेत. दाबविद्युत आधारस्फटिकावर चुंबकीय पटल वाढवून विजेच्या दाबाने आधाराची लांबी किंचित बदलता येते. तिच्याबरोबर पटलातील विकृती आणि चुंबकत्वही बदलते. विद्युतप्रवाहाऐवजी केवळ व्होल्टेजने चुंबकीय माहिती लिहिता आली, तर स्मृतीसाठी लागणारी ऊर्जा बरीच कमी होऊ शकेल. दुसरा मार्ग पटल आधारापासून सोडविण्याचा आहे. २०१६ मध्ये स्टॅनफर्डमधील गटाने पाण्यात विरघळणारा मधला थर वापरून ऑक्साइडचे पटल अलग करण्याची रीत दाखविली. २०२० मध्ये अशाच सुट्या केलेल्या मँगनाइट पटलाला आठ टक्क्यांपर्यंत ताण देता आला व त्याची विद्युत-चुंबकीय अवस्थाच पालटली. हे प्रयोग आशादायक असले तरी ते अद्याप प्रयोगशाळेतच आहेत.

भारतातील स्थिती

या क्षेत्रात भारताचे ज्ञान कमी नाही. बंगळुरू येथे सी. एन. आर. राव यांच्या गटाने मँगनाइटच्या रसायनावर केलेले काम जगभर परिचित आहे. त्यांना २०१४ मध्ये भारतरत्न प्रदान करण्यात आले. पुण्यामध्ये सतीशचंद्र ओगले यांनी विद्यापीठात, पुढे मेरिलँड येथे आणि परत आल्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व आयसर येथे लेसरने ऑक्साइड पटले तयार करण्याच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था व अनेक आयआयटी येथेही ऑक्साइड पटलांवर संशोधन चालते. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन क्ष-किरणांसाठी, तर तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टी न्यूट्रॉन किरणांसाठी देशभरातील संशोधकांना उपलब्ध आहेत. २००७ मध्ये सुरू झालेल्या नॅनो मिशनने पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांची तरतूद करून विद्यापीठांना उपकरणे मिळवून दिली.

एकूण खर्चाचे चित्र मात्र समाधानकारक नाही. २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधन व विकासावरील एकूण खर्च सुमारे १,२७,३८१ कोटी रुपये, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. त्यात खासगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्के होता. मूलभूत संशोधनाचे फळ संशोधन करणाऱ्या कंपनीच्या हाती पूर्णपणे राहत नाही, म्हणून बाजारव्यवस्था त्यावर पुरेसा खर्च करीत नाही, हे रिचर्ड नेल्सन यांनी १९५९ मध्ये व केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले. येथे शासनाची भूमिका अपरिहार्य ठरते. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा २०२३ मध्ये झाला असून २०२३ ते २०२८ या काळासाठी ५०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट आहे. सेमीकंडक्टर कार्यक्रमास डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांची, तर राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ६,००० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. जुलै २०२५ मध्ये खासगी क्षेत्रातील संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली.

आधारस्फटिकाचे अर्थकारण

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. मोठ्या योजनांच्या आकड्यांत नखाएवढ्या स्फटिकाचा उल्लेख सापडत नाही. परंतु तो नसेल तर लेसर, क्ष-किरण यंत्र आणि प्रशिक्षित विद्यार्थी हे सर्व स्वस्थ बसून राहतात. उत्पादनातील एखादा अत्यल्प किमतीचा घटक दुसऱ्या कशानेही बदलता येत नसेल, तर त्याच्या अभावाची किंमत त्याच्या बाजारभावापेक्षा कितीतरी अधिक असते.

हा अडथळा दोन प्रकारचा आहे आणि त्यांची गल्लत होऊ नये. पहिला खनिजाचा. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्यांत डिस्प्रोसियम आणि स्कँडियम ही दोन्ही आहेत, म्हणजे युरोपियम टायटेनेटच्या प्रयोगातील आधारस्फटिकाचे दोन्ही धातू. चर्चा प्रामुख्याने वाहनांतील मोटारींच्या चुंबकांची झाली, परंतु याच मूलद्रव्यांवर संशोधनातील स्फटिकही अवलंबून आहेत. केरळ, तमिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूतून आपल्याला लॅन्थॅनम, सेरियम, निओडिमियम अशी हलकी मूलद्रव्ये मिळतात, जड मूलद्रव्ये काढण्याजोग्या प्रमाणात मिळत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज मोहिमेचे महत्त्व या दृष्टीनेही आहे.

दुसरा अडथळा कौशल्याचा. सर्वाधिक वापरला जाणारा स्ट्रॉन्शियम टायटेनेटचा स्फटिक घ्या. त्यात दुर्मिळ मृदा मूलद्रव्य नाही. टायटेनियमचे खनिज इल्मेनाइट आपल्या किनाऱ्यांवर विपुल आहे. तरीही हा स्फटिक प्रयोगशाळांना आयात करावा लागतो, कारण निर्दोष स्फटिक वाढविणे, तो नेमक्या दिशेने कापणे आणि अणूच्या पातळीपर्यंत गुळगुळीत करणे ही दीर्घ अनुभवाची कला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र व इंदूरचे केंद्र येथे स्फटिकवाढीचे उत्तम काम होते. तथापि विद्यापीठातील विद्यार्थ्याला आठवड्याभरात देशी स्फटिक मिळावा, अशी पुरवठ्याची साखळी त्यातून उभी राहिलेली नाही. खनिज संपत्ती असूनही मूल्यवर्धन बाहेर होते, हा आपल्या अर्थव्यवस्थेचा जुना अनुभव येथेही येतो.

धोरणविषयक काही सूचना

१. स्फटिकवाढ, कापणी व घासणी यांची एक-दोन राष्ट्रीय केंद्रे उभारावीत आणि त्यांनी निश्चित दर्जाचे आधारस्फटिक निश्चित मुदतीत पुरवावेत. मागणी लहान असल्याने खासगी उद्योग स्वतःहून पुढे येणार नाही. सुरुवातीची काही वर्षे खरेदीची हमी द्यावी लागेल.

२. खरेदीची प्रक्रिया संशोधनाच्या गतीशी जुळली पाहिजे. जून २०२५ मध्ये केंद्र शासनाने वैज्ञानिक संस्थांसाठी थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख रुपयांपर्यंत वाढविली व सरकारी ई-बाजारपेठेबाहेरून खरेदीची मुभा दिली, हे स्वागतार्ह आहे. याउलट सार्वजनिक संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर मिळणारी ५ टक्के वस्तू व सेवा कराची सवलत १८ जुलै २०२२ पासून रद्द झाली. अनुदान देणारे आणि कर घेणारे शासन एकच असल्याने या निर्णयाचा फेरविचार करणे उचित ठरेल.

३. उपकरणांइतकेच तंत्रज्ञांना महत्त्व द्यावे. लेसर यंत्र खरेदी करण्यास अनुदान मिळते, ते वर्षानुवर्षे चालविणाऱ्या कुशल तंत्रज्ञाच्या पदास मिळतेच असे नाही.

४. पडताळणीच्या व नकारात्मक निष्कर्षांच्या कामास अनुदानात स्थान असावे. पोलादी चिमट्याचा दोष शोधणाऱ्या प्रयोगाने अनेक प्रयोगशाळांचे निष्फळ श्रम वाचविले असतील.

समारोप

अणूंमधील अंतरात टक्काभर बदल केला असता मृत वाटणाऱ्या पदार्थात चुंबकत्व जागे होते, असलेल्या चुंबकाची दिशा पालटते, तर कधी ते नाहीसेही होते. हा विषय शिकताना वारंवार जाणवते की, पटलाचे गुण पटलाइतकेच त्याच्या आधारावर अवलंबून असतात. संशोधनसंस्थांबाबतही हेच म्हणता येईल. बुद्धिमान विद्यार्थी व महागडी यंत्रे हे वरचे पटल होय. स्फटिक, तंत्रज्ञ, वेळेवर होणारी खरेदी आणि प्रामाणिक पडताळणी हा त्याखालचा आधार होय. त्या विद्यार्थ्याचे स्फटिक अखेर आले आणि त्याचे काम पूर्ण झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु थांबलेल्या आठवड्यांची नोंद कोणत्याही हिशेबपुस्तकात झाली नाही. अशा आठवड्यांची देशभरातील बेरीज करण्याची सवय नियोजनकर्त्यांनी लावून घेतली, तर संशोधनावरील प्रत्येक रुपयाचे मोल निश्चितच वाढेल.